चेंबर ऑर्केस्ट्रासोबत गिटार बुडते : दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

तालमीच्या खोलीत गिटार स्वच्छ ऐकू येते. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरतं आणि दहाव्या रांगेतला श्रोता मध्यंतरात सांगतो की सोलिस्टचा (मुख्य गिटारवादकाचा) हात हलताना दिसत होता, स्वर मात्र अधूनमधूनच पोचत होते. मग साउंडवाल्याला सांगून माइक चढवला जातो. दुसऱ्या भागात एक घुमणारा खर्ज सुरू होतो, तो थांबवायला माइक पुन्हा उतरवतात, आणि पुढच्या कार्यक्रमात सगळं पहिल्यापासून. ही तक्रार इतकी ठरलेली आहे की बरेच जण ती वाद्याचीच मर्यादा समजून सोडून देतात.

मला हे मान्य नाही. गिटारवादक-रचनाकार माउरो जुलियानी यांनी १८०८ साली व्हिएन्नात आपला ए मेजरमधला पहिला कन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवला, तेव्हा त्यांच्या हातातली गिटार आजच्यापेक्षा लहान होती, वरच्या तारा आतड्याच्या होत्या आणि वीज नव्हतीच. तरीही तो कन्चेर्तो टिकला, आजही वाजतो. कारण गिटार बोलत असताना बाकीच्यांनी काय करायचं, हे त्या रचनेतच ठरलेलं आहे. आपल्याकडे गिटार बुडते तेव्हा दोष बहुतेक वेळा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी), वादकांची संख्या, बैठक आणि हॉल यांत असतो, आणि इलाज मात्र फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर) शोधला जातो. म्हणून तो टिकत नाही. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासा. आवाजाच्या उपायांत माइक शेवटी येतो.

आधी लक्षण नीट ओळखा

"ऐकू आली नाही" या एका वाक्यात तीन वेगळे त्रास दडलेले असतात. पहिला, काही जागी गिटार खरोखरच पूर्ण झाकली जाते. दुसरा, स्वराचा आघात ऐकू येतो पण मागची आस (टिकणारा नाद) विरून जाते, त्यामुळे लांब ओळ तुकड्यातुकड्यांत ऐकू येते. तिसरा, आवाज पुरेसा असतो पण ऑर्केस्ट्रा केसभर मागे वाजतो आणि दोघांचे आघात एकमेकांवर सांडतात. ऐकणाऱ्याला हा तिसरा प्रकारही "गिटार दबली" असाच वाटतो. आवाज वाढवून पहिल्या त्रासाला थोडा आराम पडतो, दुसऱ्याला फारसा नाही, आणि तिसरा उलट जास्त उघडा पडतो.

ओळखण्याची रीत साधी आहे. हातात स्कोअर घेऊन एखादा कानाचा माणूस दहाव्या रांगेत बसवा, दुसरा अगदी मागे. त्रासाचे सोळा-वीस बार (स्वरलिपीतले मात्रांचे गट) निवडा आणि तीनदा वाजवा : आधी एकटी गिटार, मग गिटार आणि फक्त व्हायोलिन्स, मग सगळे. कोणत्या बारला काय हरवलं त्यावर पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या वेळी गिटार टिकली आणि तिसऱ्या वेळी गेली, तर दोषी खालची वाद्यं आहेत. एकटी असतानाच मागे पोचत नसेल, तर हॉल किंवा बैठक पाहायला हवी.

मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून हा निर्णय करू नका. फोन स्वतःहून बारीक आवाज चढवतो आणि मोठा दाबतो, म्हणजे जो तोल तपासायचा आहे तोच तो बदलून टाकतो.

झाकतं कोण

गिटारची सर्वांत खालची मोकळी तार, खालचा ई, सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. वरची मोकळी तार ३३० हर्ट्झच्या आसपास, आणि त्याच तारेचा बारावा पडदा ६५९ वर. गिटारचा पार्ट जिथे लिहिलेला असतो त्याच्या एक सप्तक खाली वाजतो, हे ऑर्केस्ट्रातले बरेच वादक विसरतात. त्यांच्या डोळ्यांना गिटार व्हायोलिनच्या जागेत दिसते, प्रत्यक्षात तिचं घर चेलो आणि व्हायोलाच्या पट्ट्यात असतं. बासूनही तिथेच राहतो.

त्यात कानाचा एक स्वभाव मिसळतो. खालचा आवाज वरच्या आवाजाला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही. म्हणून पहिलं बोट नेहमी चेलो आणि डबल बेसवर ठेवा. बहुतेक कंडक्टर हात दाखवून आधी पहिल्या व्हायोलिन्सना गप्प करतात, कारण ती समोर बसलेली असतात. मागे डबल बेस लांब धनुष्य ओढत राहतो आणि गिटारच्या मधल्या तीन तारा गिळून टाकतो.

दुसरी गोष्ट आस. छेडलेला स्वर त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरू लागतो. धनुष्याचा स्वर उलट टिकतो, कधी फुगतोही. दोघांनी एकाच क्षणी सुरुवात केली तर गिटारकडे असलेली एकमेव ताकद, म्हणजे आघात, तिथेच खर्ची पडते. ख्यालाला संवादिनीची साथ करणारा जाणता वादक गायकाचा स्वर लागला की भाता सैल सोडतो आणि मागून येतो. गिटारसोबतच्या स्ट्रिंग्जना नेमकं हेच सांगायचं : स्वर आघाताने सुरू करू नका, गिटारच्या मागून, बोटभर धनुष्यात आत या, आणि लांब स्वरावर फुगा आणू नका. एवढ्या एका सूचनेने झालेला फरक मी अनेक तालमींत ऐकला आहे. तो कोणत्याही उपकरणाने होत नाही.

पिझिकातोबद्दल सावध राहा. "बोटांनी वाजवतोय म्हणजे हळूच आहे" असं वादकांना वाटतं, पण पिझिकातोचा आघात गिटारच्या आघाताच्या जातीचाच असतो आणि अगदी त्याच क्षणी पडतो. आठ व्हायोलिन्सचा हलका पिझिकातोही गिटारचा आरंभ पुसून टाकतो. बोटाच्या मांसल भागाने, फिंगरबोर्डवरून छेडायला सांगा. तरीही भागलं नाही तर त्या जागी प्रत्येक विभागातून एकेकच वादक ठेवा.

स्कोअर आणि संख्या

"वादक निम्मे करा" हा सल्ला सगळे देतात. तो चुकीचा नाही, पण त्याची कमाई किती हे माहीत असावं. सारख्या जोराने वाजवणारे दहा जण पाचवर आणले की आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. हे कानाला जाणवतं, पण फार मोठं नाही. तेच दहा जण मेझो-फोर्तेवरून (मध्यम जोरावरून) खरोखरच्या पियानिसिमोवर (अगदी हळू) आले तर उतार याहून बराच जास्त असतो, शिवाय धनुष्याच्या आवाजातली झळाळी कमी होते आणि गिटारच्या वरच्या हार्मोनिक्सना (उपस्वरांना) वाट मिळते. संख्या कमी करण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. थोडे वादक एकमेकांना ऐकतात, आणि ऐकणारा वादक आपोआप हळू वाजवतो.

माझ्या मते गिटारसाठी स्ट्रिंग्ज ४-४-३-२-१ (पहिली व्हायोलिन्स, दुसरी व्हायोलिन्स, व्हायोला, चेलो, डबल बेस या क्रमाने) पुरेशा आहेत. लहान हॉलमध्ये ३-३-२-२-१. डबल बेस एकच. व्हिवाल्डीचा डी मेजर कन्चेर्तो, आरव्ही ९३, मुळात ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य), दोन व्हायोलिन्स आणि कंटिन्युओ (खर्जाची साथ) यांच्यासाठी आहे. तो प्रत्येक पार्टला एक वादक घेऊन वाजवला तर तोलाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. पहिल्यांदा ऑर्केस्ट्रासोबत बसणाऱ्या विद्यार्थ्याला हीच रचना द्यावी. थेट रोद्रिगोकडे धावू नये.

पण लोकांना रोद्रिगोच हवा असतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. स्पॅनिश रचनाकार होआकिन रोद्रिगो यांनी 'कोन्सिएर्तो दे आरान्खुएस' १९३९ साली पॅरिसमध्ये लिहिला. तो पहिल्यांदा ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सिलोनात वाजला, गिटारवर रेहिनो साइन्स दे ला मासा होते. त्याचा ऑर्केस्ट्रा कागदावर भीतिदायक दिसतो : बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट, प्रत्येकी दोन, आणि वर स्ट्रिंग्ज. पण स्कोअर उघडून पाहिलं की कळतं, गिटार वाजत असताना एका वेळी फार थोडी वाद्यं बोलतात. सुरुवातीला गिटार एकटी रास्गेआदो (बोटांनी सगळ्या तारांवर झपाट्याने छेडणं) घेते, खाली फक्त डबल बेसचा टिकलेला डी. म्हणजे या रचनेत गिटार बुडत असेल तर रोद्रिगोने सोडलेली मोकळी जागा कोणीतरी भरून टाकली आहे. बहुतेक वेळा तो डबल बेसचा डीच असतो. तो स्वर ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे.

अदाजिओमध्ये गोंधळ वेगळा होतो. तिथे आरंभी गिटार बी मायनरचे कॉर्ड सोडत इंग्लिश हॉर्नला (ओबोच्या जातीचं फुंकवाद्य) साथ करते. धून इंग्लिश हॉर्नची आहे. "सोलिस्ट ऐकू आला पाहिजे" म्हणून साउंडवाला नेमकं इथे गिटार चढवतो आणि मग गिटारने धून हातात घेतल्यावर चढवायला त्याच्याकडे काही उरत नाही. या पानावर गिटार मागे राहिली तर तो दोष नाही. पुढे मोठ्या कादेन्त्सानंतर (सोलिस्टने एकट्याने वाजवायच्या भागानंतर) पूर्ण ऑर्केस्ट्रा ती धून उचलतो, गिटार गप्प असते. तिथे ऑर्केस्ट्राला दाबू नका, पूर्ण छातीने वाजवू द्या. संपूर्ण कन्चेर्तोभर वादकांना "हळू, हळू" म्हणत ठेवलं तर ते कंटाळतात, आणि कंटाळलेले वादक हळू वाजवत नाहीत, सैल वाजवतात. मात्र त्या गर्जनेनंतर गिटार परत येते तेव्हा हॉलमधली गुंज विरायला कंडक्टरने श्वासभर वेळ द्यावा. नाहीतर गिटारचे पहिले दोन-तीन स्वर त्या शेपटाखाली जातात आणि श्रोत्याला वाटतं की सोलिस्टच चाचरला.

पार्ट्सवर एक काम घरीच करून ठेवा. जिथे गिटार आहे त्या जागा प्रत्येक वादकाच्या पार्टवर रंगीत पेन्सिलने अधोरेखित करा. छापील 'पियानो' (हळू वाजवण्याची खूण) दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण टुट्टीमधला (सगळे मिळून वाजवतात त्या जागेतला) पियानो आणि गिटारखालचा पियानो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादकाला हे आपल्या पानावर दिसत नाही, कारण त्याच्या पानावर गिटारचा पार्ट नसतो.

बैठक आणि हॉल

गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून समोर जातो. त्यामुळे सोलिस्ट कंडक्टरकडे तोंड करून तिरका बसला की आवाज विंगेत जातो. सोलिस्ट कंडक्टरच्या डाव्या हाताला, रंगमंचाच्या अगदी कडेला, आणि गिटारची फळी श्रोत्यांकडे. कंडक्टर दिसावा म्हणून मान वळवा, धड नाही. सोलिस्टपुढे म्युझिक स्टँड असेल तर तो खाली आणि बाजूला. उभा पत्रा नेमका फळीच्या समोर येतो.

खुर्चीखाली गालिचा नको. १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा लाकडी प्लॅटफॉर्म मिळाला तर घ्या, पण आधी त्यावर पाय आपटून पाहा. तो पोकळ ढोलासारखा वाजत असेल तर खर्ज फुगवेल आणि पुढे माइक लागला तर त्रास दुप्पट होईल.

हॉलबद्दल आपल्याकडची खरी अडचण अशी की बहुतेक कार्यक्रम नाटकासाठी बांधलेल्या रंगमंचावर होतात. वर पडदे ओढायची उंच पोकळी, बाजूला विंगा, मागे कापड. वादकांचा निम्मा आवाज तिथेच मुरतो. ऑर्केस्ट्राजवळ ताकद असल्यामुळे त्याला हे सोसतं, गिटारला नाही. उपाय : सगळ्यांना शक्य तितकं पुढे आणा, मुख्य पडद्याच्या रेषेच्या बाहेर निदान सोलिस्ट तरी असावा, आणि मागे प्लायवूडचे मोठे फलक उभे करता आले तर करा. मुंबईत एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं) टाटा थिएटर १९८० साली उघडलं. सिरिल हॅरिस यांनी त्याची ध्वनिरचना मुळात ध्वनिवर्धकाशिवाय ऐकण्यासाठी केली. अशा जागी बसलेला संच पुढच्या आठवड्यात नाट्यगृहात बसला की गिटार "अचानक" हरवते. गिटार तीच असते, वादकही तेच, बदललेली असते ती भोवतालची लाकडं आणि कापडं.

गोव्यातल्या जुन्या चॅपेलमध्ये उलटा प्रकार. दगडी भिंतींत गिटार एकटी असताना स्वर्गीय वाटते, पण चेलो आणि बेस तिथे इतके घुमतात की जलद जागा मिसळून जातात. तिथे जोर कमी करून भागत नाही, स्वरांची लांबी कमी करावी लागते. खालच्या वाद्यांनी प्रत्येक स्वर लिहिल्यापेक्षा आखूड सोडावा.

रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली तालीम फसवी असते. माणसं आणि कपडे आवाज पितात. रिकाम्या हॉलमध्ये गिटार "जेमतेम पोचतेय" असं वाटलं, तर भरलेल्या हॉलमध्ये ती पोचणार नाही हे धरून चाला.

सोलिस्टच्या हातात काय आहे

जोरात मारणं हा उपाय नाही. तार एका मर्यादेपलीकडे ओढली की ती पडद्यांवर खडखडते आणि सूर क्षणभर चढतो. त्याऐवजी धून शक्य तिथे आपोयांदोने घ्या, म्हणजे छेडल्यावर बोट पुढच्या तारेवर टेकेल. उजवा हात नेहमीपेक्षा थोडा ब्रिजकडे सरकवा. जवळून तो स्वर जरा कडक वाटतो, पण लांब पोचतो तो हाच. घरच्या खोलीत गोड लागणारा, साउंड होलवरून काढलेला मऊ स्वर ऑर्केस्ट्रात सर्वांत आधी हरवतो. भरगच्च कॉर्डमधला एखादा दुहेरी स्वर गाळला आणि वरचा स्वर ठळक केला तर काही बिघडत नाही.

वाद्यानेही फरक पडतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमन यांची जाळीदार बांधणीची गिटार गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी वर्षानुवर्षं वाजवली. जर्मनीत माथियास डामान आणि गेर्नोट वागनर यांनी दुहेरी फळीची गिटार घडवली. ही वाद्यं मोठी वाजतात. पण बेस बेतात वाजत नसेल तर महागडी गिटारही बुडते, म्हणून हा खर्च पहिल्या यादीत नको.

आता माइक

स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविया आयुष्यभर ध्वनिवर्धकाच्या विरोधात राहिले. जॉन विल्यम्स यांनी ऑर्केस्ट्रासोबत तो उघडपणे वापरला. ब्राझीलचे रचनाकार व्हिला-लोबोस यांच्या गिटार कन्चेर्तोत तर ट्रॉम्बोनसुद्धा आहे. तिथे मोठ्या हॉलमध्ये हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही. आधार घ्यायला हरकत नाही, फक्त वरची सगळी कामं झाल्यावर घ्यावा. मग लागतो तोही थोडा : ३ ते ६ डेसिबल.

माइक छोट्या डायफ्रामचा कंडेन्सर, कार्डिओइड किंवा हायपरकार्डिओइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा). जागा बाराव्या पडद्याजवळ, जिथे मान धडाला मिळते. अंतर २५ ते ३० सेंटिमीटर. तोंड जरासं ब्रिजकडे. साउंड होलसमोर कधीच नको. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ती घुम नेमकी त्या भोकातून बाहेर पडते. तो जो खर्ज सुरू होतो तो बहुधा इथलाच, सहाव्या तारेवरच्या जी किंवा जी शार्पजवळचा. दुसरी जागा २०० हर्ट्झच्या आसपास, फळीची. या दोन ठिकाणी अरुंद पट्टीत ३ ते ६ डेसिबल कापा. पण आकडे पाठ करून कापू नका, प्रत्येक वाद्याची जागा थोडी वेगळी असते. फेडर हळूहळू चढवत न्या, जिथे पहिल्यांदा घुमेल ती जागा शोधा आणि तेवढीच कापा. ७०-७५ हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका, नेहमीप्रमाणे लावलेल्या गिटारचा तिथे एकही स्वर नाही.

माइक ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की गिटार त्यात सुमारे ६ डेसिबल जास्त येते, ऑर्केस्ट्रा मात्र तेवढाच राहतो. माइक दूर असला तर तुम्ही गिटारबरोबर मागचा व्हायोलाही चढवत असता. "आवाज वाढवला तरी गिटार पुढे येत नाही" या तक्रारीचं हे सर्वांत साधं कारण. याच न्यायाने ऑर्केस्ट्रावर माइक लावू नका. उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅकच्या (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून घुमण्याच्या) आधीची जागा सुमारे ३ डेसिबलने घटते.

स्पीकरच्या जागेवर माझा ठाम आग्रह आहे. एक लहान, चांगला स्पीकर सोलिस्टच्या मागे थोडा बाजूला, कानाच्या उंचीच्या खाली ठेवा. माइकची बहिरी पाठ त्याच्याकडे येईल असा. यामुळे श्रोत्याला आवाज गिटारच्या दिशेनेच येतो आणि मागच्या वादकांनाही गिटार ऐकू येते, ज्याची गरज पुढे सांगतो. हॉलचे मुख्य स्पीकर वापरावेच लागले तर त्यांना उशीर द्या. आवाज एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. सोलिस्ट स्पीकरच्या रेषेपासून ३ मीटर मागे असेल तर ९ मिलिसेकंद, त्यावर आणखी ५ ते १० घाला. गिटारचा मूळ आवाज आधी आणि स्पीकरचा मागून पोचला की कान दिशा पहिल्यावरून ठरवतो, दुसरा काहीसा मोठा असला तरीही. हे केलं नाही तर सोलिस्ट मध्ये बसलेला दिसतो आणि गिटार डाव्या खांबावरून ऐकू येते.

पातळी बरोबर आहे का, याची परीक्षा तालमीतच घ्या. चालू जागेत माइक अचानक बंद करा. ऐकणारा म्हणाला की "गिटार दोन रांगा मागे गेली", तर बरोबर. म्हणाला "गिटार गेली", तर तुम्ही फेडरवर उभे आहात आणि वरच्या कुठल्या तरी पायरीवरचं काम बाकी आहे.

ब्रिजखालचा पिकअप फीडबॅक लवकर देत नाही म्हणून मोहात पाडतो. नायलॉनच्या तारांवर त्याचा आघात पातळ आणि प्लॅस्टिकसारखा येतो, तो लाकडी वाद्यांच्या संचात मिसळत नाही. दुसरा पर्यायच नसेल तेव्हाच.

सूर हलतो, तोही बुडण्याचाच प्रकार

ऑर्केस्ट्राचा ए ४४२ वर असेल आणि गिटार घरच्या ट्यूनरवर ४४० ला लावली असेल, तर सुमारे ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक पडतो. एवढ्याने बेसूर वाटेलच असं नाही, पण गिटारचा स्वर स्ट्रिंग्जच्या स्वरात विरघळतो, धार जाते. आदल्या दिवशीच विचारून ट्यूनर त्या आकड्यावर लावा. ओबोच्या ए-शी जुळवायचं तर पाचव्या तारेचा पाचव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) घ्या, तो बरोबर त्याच सप्तकातला ए आहे. मात्र पाचव्या आणि सातव्या पडद्याचे हार्मोनिक एकमेकांशी मिळवत सहाही तारा लावण्याची सवय इथे सोडा. प्रत्येक जोडीत सुमारे २ सेंटचा फरक साचत जातो.

आपल्याकडे पावसाळ्यात दमट ग्रीनरूममधून वातानुकूलित रंगमंचावर आलेली गिटार पहिल्या दहा मिनिटांतच सरकते. तिला अर्धा तास आधी रंगमंचावर, दिव्यांच्या झोतापासून दूर, पेटी उघडून ठेवा. सुषिर वाद्यं गरम होता होता चढतात, म्हणून पहिल्या भागानंतर पुन्हा ए मागायला संकोच करू नका. नव्या तारा कार्यक्रमाच्या चार-सहा दिवस आधी चढवा. वरच्या तीन नायलॉन तारा ताणून बसायला वेळ घेतात.

ऑर्केस्ट्रा मागे राहतो

मागच्या डेस्कवरचा (रांगेतला) वादक गिटारपासून १० मीटरवर असेल तर आघात त्याच्याकडे सुमारे २९ मिलिसेकंदांनी पोचतो. तो ऐकून वाजवणार, आणि त्याचा आवाज पुन्हा तेवढंच अंतर कापून पुढे येणार. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक सोळांश स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे दोन्ही मिळून त्याचा जवळजवळ निम्मा भाग गेला. शिवाय गिटार अंधुक ऐकू येत असली की वादक खात्री करून घ्यायला क्षणभर थांबतो. आरान्खुएसच्या तिसऱ्या भागात दोन आणि तीन मात्रांचे बार एकमेकांत गुंफलेले आहेत, तिथे हे सर्वांत जास्त नडतं.

मागच्या वादकांना सांगा की गिटार ऐकून वाजवू नका, कंडक्टरची काठी पाहून वाजवा. कंडक्टरने सोलिस्टच्या उजव्या हाताकडे पाहावं, डाव्या नाही; डावा हात स्वराच्या आधी जागेवर पोचलेला असतो आणि घाई करायला लावतो. कन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिन्सचा प्रमुख) सोलिस्टच्या सर्वांत जवळ असतो, तेव्हा विभागाला श्वास त्याने द्यावा. सोलिस्टमागचा तो लहान स्पीकर इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो : मागच्या डेस्कना गिटार स्पष्ट ऐकू आली की ते कान टवकारून थांबत नाहीत, आणि गिटार ऐकू यावी म्हणून स्वतःहून आवाज उतरवतात. एवढं करूनही डबल बेस मागेच राहत असेल, तर त्याला मागच्या कोपऱ्यातून उचलून चेलोच्या शेजारी आणा आणि तेच सोळा बार पुन्हा घ्या.